जुनं टिकलं, ते कशानं?

(काष्टी, ता. श्रीगोंदा येथील सप्ताहातील कीर्तनावरून)



सेवा काष्टीत झाली, म्हणून दृष्टांतही काष्टीचाच घेतो. काष्टी हे बाजाराचं गाव. शनिवारी इथं जनावरांचा बाजार भरतो आणि त्या बाजारात अडाणी म्हणवणारा माणूससुद्धा किती शहाणपणानं खरेदी करतो, ते तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघत आलात. त्याच शहाणपणानं एक प्रश्न सोडवायचा आहे. प्रश्न घरोघरचा आहे: पूर्वीच्या गाड्या, पंखे, रेडिओ, मिक्सर हे आजच्यापेक्षा खरंच चांगले बनलेले होते का?

तुम्ही म्हणाल, महाराज, हरिकथेत मिक्सर कशाला? सांगतो. वस्तू घामाच्या पैशातून येते. ती पारखून घेणं, नीट वापरणं, वेळ आली की सोडणं, हा संसारातला विवेकच आहे. ज्याला वस्तूच्या बाबतीत विवेक जमत नाही, त्याला माणसाच्या बाबतीत जमेल का? त्या जागेवर आपण शेवटी येऊ.

शास्त्राची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही पूर्ण ताकदीनं. मग उत्तरपक्ष. आणि मग सिद्धांत.

पूर्वपक्ष काय म्हणतो? पारावर बसलेल्या कुठल्याही आबांना विचारा. "महाराज, पूर्वीचा पत्रा कसा होता? बुक्की मारली तर हात मोडायचा. आताची गाडी म्हैस घासून गेली तरी चेपती." "माझ्या लग्नातला पंखा अजून फिरतोय, पोराच्या लग्नातला दोनदा बदलला." खोटं नाही हे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनायला लागली. १९७४ पासून तिचं नाव झालं पद्मिनी. त्या पद्मिनीनं मुंबईत दोन-दोन पाळ्यांत, रात्रंदिवस, पावसापाण्यात टॅक्सी म्हणून धावून दाखवलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २००३ सालची होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा ती रस्त्यावरून उतरली. मुदत संपली म्हणून उतरली बरं का, मोडली म्हणून नाही! पूर्वपक्षाची बाजू अशी भक्कम आहे.

आता उत्तरपक्ष ऐका.

आपल्याच तालुक्यात पेडगाव आहे, भीमेच्या काठी. तिथं लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघितलंय ना? दगडात काय कोरीव काम आहे! शेकडो वर्षं उभं आहे. ते बघून माणूस म्हणतो, पूर्वीचं बांधकाम म्हणजे बांधकाम. पण माउली, ते देऊळ बांधणारे पाथरवट कुठं राहत होते? त्यांची घरं दाखवा मला. नाहीत. कुडाची होती, मातीची होती, पावसात विरघळली. जे पडलं ते दिसत नाही, जे उभं राहिलं तेवढंच दिसतं. आणि उरलेल्या एकावरून आपण गेलेल्या हजारांना प्रशस्तिपत्र देऊन टाकतो.

तसंच आबांच्या पंख्याचं. त्या वर्षी गावात शंभर पंखे आले असतील. नव्वद भंगारवाल्यानं नेले. जे दहा उरले त्यातला एक आबांच्या डोक्यावर फिरतोय, आणि आबा म्हणतात, जुने पंखे टिकायचे. जो टिकला तो बोलतो, जे गेले त्यांची साक्ष कोण देणार?

दुसरी गोष्ट. जुन्या वस्तूची आठवण गोड असते, कारण तिचा त्रास आपण विसरतो. माझ्या लहानपणी दिंडीबरोबर एक जुना ट्रक असायचा. सकाळी तो सुरू करायचा म्हणजे एक कार्यक्रमच. पुढून हँडल घालून दोघांनी फिरवायचं. हँडल उलटं आलं तर मनगट गेलं. चढ लागला की रेडिएटर उकळायचा. क्लीनर घागर घेऊन विहीर शोधत पळायचा आणि वारकरी म्हणायचे, चला, तेवढाच विसावा! त्या काळच्या स्कूटरी आठवा. सकाळी सकाळी नवरा रस्त्यात स्कूटर आडवी करतोय, किका मारतोय, प्लग काढून पुसतोय, आणि बायको पदर सावरत उभी. आज कोणी म्हणतं का, तो प्लग पुसायचा आनंद पुन्हा मिळावा?

तिसरी गोष्ट जिवाची आहे, म्हणून ध्यान देऊन वाचा. जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेत २००९ साली विमा कंपन्यांच्या एका संस्थेनं प्रयोग केला. १९५९ सालची एक लांबलचक, जाड पत्र्याची शेवरोले गाडी घेतली आणि त्याच कंपनीची २००९ सालची गाडी घेतली. दोन्हींत माणसाच्या आकाराचे पुतळे बसवले आणि ताशी चाळीस मैलांनी, म्हणजे सुमारे चौसष्ट किलोमीटरनं, समोरासमोर आदळवल्या. जुन्या गाडीत माणूस असता तर जागीच गेला असता. नव्या गाडीतल्या माणसाच्या पायाला मार बसला असता, पण जीव वाचला असता.

असं का झालं? गवतात गुंडाळलेलं मडकं आणि पेटीत मोकळं ठेवलेलं मडकं, यातलं कोणतं फुटतं? पेटी कितीही मजबूत असो, धक्का आत मडक्यालाच बसतो. नव्या गाडीचं तोंड मुद्दाम चेपेल असं बनवलेलं असतं. ते गवताचं काम करतं, धक्का स्वतः खातं. आणि माणूस बसतो तो पिंजरा मात्र घट्ट ठेवलेला असतो. वर पट्टा, वर हवेची पिशवी. म्हणजे म्हैस घासली आणि पत्रा चेपला, तो सगळाच दोष नव्हे. तुमच्यासाठी चेपायचं, हा त्या पत्र्याचा धर्मच आहे.

चौथी गोष्ट विजेची. जुना छताचा पंखा साधारण पंच्याहत्तर वॉट वीज खातो. आताचे नवे बीएलडीसी पंखे साधारण तीस वॉटवर तेवढाच वारा देतात. दिवसाला बारा तास धरा. जुना नऊ दशांश युनिट खाणार, नवा त्याच्या निम्म्याहूनही कमी. जुना पंखा फुकट फिरतोय असं आबांना वाटतं, पण बिल भरणारा मुलगा असतो! आणि धुराचं बोलायचं तर, १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-सहा ही कडक मर्यादा गाड्यांना लागू झाली. ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर निळा धूर सोडत जाणारी ती स्कूटर आठवा आणि तिच्यामागं चालणाऱ्या लेकराची छाती आठवा.

इथं पूर्वपक्ष गडबडला. पण उत्तरपक्षाला सगळंच द्यायचं नाही. त्याचाही हिशेब करू.

आजच्या वस्तूचा खरा दोष पत्रा पातळ असण्यात नाही. तिला दुरुस्तीचं दार ठेवलेलं नसतं, हा खरा दोष. झाकण स्क्रूनं नाही, डिंकानं चिकटवलेलं. बॅटरी आत कोंडलेली. आतलं दात्याचं चाक प्लॅस्टिकचं, आणि ते सुटं मिळत नाही. दुकानात नेलं की मुलगा वर न बघता म्हणतो, "काका, हे रिपेअर होत नाही, नवीन घ्या." वस्तू मेलेली नसते, माउली. तिला वैद्यच मिळत नाही.

आणि हे कलियुगातल्या कालच्या पोरांनी काढलं, असंही समजू नका. १९२४ साली जिनिव्हात विजेचे दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या एकत्र बसल्या. दीड-दोन हजार तास जळणारे दिवे त्या वेळी बनत होते. त्यांनी आपसात ठरवलं की दिवा हजार तासच जळावा. ज्याचा दिवा जास्त जळेल त्याला दंड! त्यांचं म्हणणं, यानं उजेड जास्त पडतो. उजेड पडत असेलही. पण जास्त टिकल्याबद्दल दंड करणाऱ्याच्या मनात कोणता उजेड असतो, ते तुम्ही ओळखा. आणि साल बघा, १९२४. म्हणजे आपण ज्याला जुना, सोन्याचा काळ म्हणतो तोच. लोभाला जुनं-नवं नसतं.

मग सिद्धांत काय? कालिदासासारख्या महाकवीनं आपल्या नाटकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की जुनं आहे एवढ्यानं काही चांगलं ठरत नाही आणि नवं आहे एवढ्यानं वाईट ठरत नाही. शहाणा पारखून घेतो आणि दुसऱ्याच्या बुद्धीनं चालतो तो फसतो. आता पारखायचं काय? तर वर्ष पारखायचं नाही. दोन गोष्टी पारखायच्या. वस्तूला दुरुस्तीचं दार आहे का? आणि आपल्या हाताला निगेची सवय आहे का? या दोन गोष्टी जिथं भेटतात तिथं वस्तू टिकते. हा सिद्धांत.

पद्मिनी का टिकली? लोखंड दैवी होतं म्हणून नाही. तिचं इंजिन साधं होतं, सुटा भाग सहज मिळत होता, गल्लीतल्या मिस्त्रीला ती पाठ होती, आणि टॅक्सीवाल्याची भाकरी तिच्यावर होती म्हणून तो तिला जपत होता. दार होतं आणि निगा होती.

आपल्या कीर्तनातला पखवाज बघा. त्याच्या धुमेला दर वेळी ओल्या कणकेचा गोळा लावावा लागतो. कीर्तन संपलं की कणीक काढायची, पुसून ठेवायचा. वादी सैल झाली की ओढायची, पुडी फाटली की नवी चढवायची. ज्या वाद्याला दर वेळी हात लावावा लागतो, तेच आजोबाकडून नातवाकडं जातं. खोड तेच, पुडी नवी. याला म्हणायचं टिकणं.

ग्रंथाचंही तसंच. ज्ञानोबारायांनी नेवाशात खांबाला टेकून भावार्थदीपिका सांगितली, शके १२१२. तो छापखान्याचा काळ नव्हता. हातानं नकला व्हायच्या. एकानं ओवी गाळली, दुसऱ्यानं पदरची घातली, तिसऱ्यानं शब्द बदलला. जवळजवळ तीनशे वर्षं अशी गेली. मग शके १५०६ मध्ये पैठणच्या नाथबाबांनी प्रती गोळा केल्या, ताडून बघितल्या आणि पाठ शुद्ध केला. आज तुम्ही पारायणाला बसता ती ज्ञानेश्वरी आपोआप टिकली का? एका थोर दुरुस्ती करणाऱ्यानं ती आपल्यापर्यंत पोचवली. आपण मूळ कर्त्याला नमस्कार करतो, तसा एक नमस्कार दुरुस्त करणाऱ्यालाही करावा. गावातला मिस्त्री, हार्मोनियमचे सूर लावणारा, चप्पल शिवणारा, हे सगळे नाथबाबांच्या पंक्तीतले सेवक आहेत. त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस शोरूममध्ये मात्र गप्प पैसे मोजतो!

नव्याची एक गोष्ट सांगतो, आपल्या जिल्ह्याचीच. १ जून १९४८ रोजी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान पहिली एसटी धावली. तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. लाकडी बॉडी, वर कापडी छप्पर. १ जून २०२२ रोजी, चौऱ्याहत्तर वर्षांनी, त्याच रस्त्यावर विजेवर चालणारी शिवाई धावली. ना धूर, ना धडधड. त्या पहिल्या गाडीला हात जोडावेत, पण म्हाताऱ्या आईला घेऊन पुण्याला दवाखान्यात जायचं असेल तर कशात बसवाल? नवीनच गाडी घ्याल. मग या चौऱ्याहत्तर वर्षांत खरं काय टिकलं? गाडी नाही टिकली. डेपो टिकला. गाडी तपासणारा, टायर बघणारा, ऑइल बघणारा हात टिकला. एसटीनं दापोडीला, चिकलठाण्याला स्वतःच्या कार्यशाळा ठेवल्या, म्हणून सेवा चालू राहिली. वस्तू बदलते, निगेची परंपरा चालत राहते.

आता एका घरची गोष्ट. याच पट्ट्यातली आहे, नाव सांगत नाही. बापाची जुनी जीप. बाप म्हणतो, "लोखंड आहे लोखंड, माझ्या मेहनतीची आहे, विकायची नाही." मुलगा म्हणतो, "कर्ज काढून नवी घेतो." घरात अबोला. दोघंही वेगवेगळे माझ्याकडं आले. आबा म्हणाले, "महाराज, पोराला दोन शब्द सांगा." मी म्हटलं, "आबा, पंढरीला या जीपमधून किती जण जाता?" "बारा. लेकरं धरून पंधरा." "पट्टे आहेत?" "नाहीत." "पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करून घेतली?" आबा गप्प. मी म्हटलं, "आबा, बाजारात बैल घेताना तुम्ही त्याचा रंग बघून घेता का? तोंड उघडून दात मोजता. आदत आहे, दोन दाती आहे, का जुळलेला आहे ते बघता. चालवून बघता, खांदा बघता. आणि म्हातारा झालेल्या लाडक्या बैलाला तुम्ही गोठ्यात ठेवता, चारा घालता, पण त्याच्या खांद्यावर भरल्या गाडीचं जू ठेवता का?" आबांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाले, "नाही ठेवत."

मग मुलाला बोलावलं. "दादा, कर्ज किती वर्षांचं?" "सात." "आणि गाडी किती वर्षं वापरणार?" म्हणाला, "चार-पाच वर्षांनी नवीन मॉडेल येतंच की." मी म्हटलं, "म्हणजे गाडी जाईल आणि हप्ता राहील! बापानं एक गाडी आयुष्यभर सांभाळली, हे त्याचं लोखंडावरचं प्रेम नव्हे, ही त्याची शिस्त आहे. गाडी नवी घे, पण शिस्त जुनी घे." शेवटी असं ठरलं: माणसं बसतील ती गाडी पट्ट्यांची, जेवढे पट्टे तेवढीच माणसं. आणि नव्या गाडीची वही आबांच्या हातात. ऑइल कधी बदललं, टायर कधी फिरवले, ब्रेक कधी बघितले, सगळं आबा लिहितात. घरात बोलणं सुरू झालं. बापाला वाटत होतं, जीप टाकली की उद्या मलाही टाकतील. खरी भीती ती होती, माउली. जीप निमित्त होती.

इथं आलो आपण त्या जागेवर. वापरा आणि फेका, ही सवय वस्तूपाशी थांबत नाही. ज्या घरात बिघडलं की फेकायचं हाच धडा लेकरं रोज बघतात, त्या घरात म्हातारपणी खोकणारा माणूस लेकरांना काय वाटेल? आणि ज्या घरात बाप लेकराला शेजारी बसवून पंख्याचा स्क्रू काढायला शिकवतो, मिस्त्रीकडं दोन हेलपाटे घालतो, पण टाकत नाही, तिथं लेकरू न सांगता शिकतं की बिघडलं म्हणजे संपलं असं नसतं. नातंही दुरुस्त होतं. स्वभावही दुरुस्त होतो. परमार्थ तरी दुसरं काय आहे? भगवंत आपल्याला भंगारात काढत नाही. नामाचं औजार देतो आणि म्हणतो, बस, दुरुस्त करू.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा तुम्हाला पाठ आहे. संतमंडळी काकांच्या घरी जमली. मुक्ताईंनी कोपऱ्यातली थापटणी बघून विचारलं, हे काय? काका म्हणाले, यानं मडकं कच्चं का पक्कं ते कळतं. मग काका एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. सगळे शांत बसले, नामदेवराय मात्र चिडले, आणि ठरलं की हे मडकं अजून कच्चं आहे. पण पुढं काय झालं बघा. कच्चं म्हणून नामदेवरायांना कोणी फेकलं नाही. विसोबा खेचरांकडं पाठवलं. पक्कं होऊन आले आणि पंजाबपर्यंत भक्तीचा झेंडा नेला. थापटणीनं मडक्याचं वय विचारलं नाही, त्याचा आवाज ऐकला. पारख अशी करायची, आणि पारख झाल्यावर पक्कं करायची संधीही द्यायची.

वाचून पुस्तक मिटू नका, एवढा नेम घ्या. नवी वस्तू घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा: हिचे सुटे भाग मिळतात का, किती वर्षं मिळतील, आणि जवळ दुरुस्त कोण करतं? उत्तर नसेल तर स्वस्त असली तरी महाग आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर दहापैकी गुण छापावे लागतात, दुरुस्तीला किती सोपी ते सांगणारे. आपल्याकडंही केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानं २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. फसवणूक झाली तर १९१५ हा ग्राहक मदतीचा क्रमांक आहे, लेकराकडून लावून घ्या. हक्क मागणं म्हणजे भांडण नव्हे. बाजारात बैलाचे दात मोजताना तुम्ही व्यापाऱ्याचा अपमान करता का? तसंच आहे हे.

दुसरं, घरातल्या जुन्या वस्तूला थापटणी मारा. माणूस बसतो, वीज खेळते, आग लागते, अशी वस्तू जुनी असेल तर मायेनं नव्हे, डोळ्यानं तपासा. धोका असेल तर हात जोडून निरोप द्या. धोका नसेल तर तेल द्या, धूळ पुसा, चालू द्या.

आणि तिसरं. आज घरी गेल्यावर बोलणं बंद पडलेलं एखादं नातं असेल, तर त्याचं झाकण जरा उघडून बघा. कितीदा आत एखादी तारच सुटलेली असते.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!